उताऱ्यात जमिनीचं किती, कारखान्याचं किती?

हंगाम सुरू झाला की परभणी–गंगाखेड रस्त्यावर पोखर्णीजवळून उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस आणि मागे अडकून पडलेली परभणीची बस. तिथल्या नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्यांना हे दृश्य सवयीचं आहे. कुणाचा ऊस आमडापूरच्या लक्ष्मीनृसिंह शुगर्सकडे जातो, कुणाचा गंगाखेडकडे, कुणाचा सोनपेठ तालुक्यात. पारावर चर्चा मात्र एकाच आकड्याची असते: उतारा. ‘तिकडं कोल्हापुरात बारा लागतो अन् आपल्याकडं दहावर घोडं अडतं, म्हणजे आपले कारखानेच नालायक.’

हे वाक्य अर्धं खरं आहे. त्यातलं खरं किती आणि खोटं किती हे ठरवायची रीत साखर कारखान्यांकडे शंभर वर्षांपासून आहे. व्यवस्थापनाची पुस्तकं तिला बेंचमार्किंग म्हणतात. झेरॉक्स कंपनीने १९७९ साली जपानी यंत्रांशी आपल्या यंत्रांची भागनिहाय तुलना केली आणि तिथून हा विषय सुरू झाला, असं त्या पुस्तकांत असतं. साखरवाल्यांना हे वाचून हसू यावं. ऊस तंत्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था १९२४ साली होनोलुलूत स्थापन झाली, आणि जगभरच्या कारखान्यांनी आपले आकडे एकाच व्याख्येने मोजावेत हे तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं. पुण्यात डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन १९३६ सालची, कानपूरची राष्ट्रीय साखर संस्थाही त्याच वर्षीची. आज राज्यातला प्रत्येक कारखाना आरटी-७ सी आणि हंगामाच्या शेवटी आरटी-८ सी या ठरलेल्या नमुन्यात आपली सगळी कुंडली मांडतो. मोटारी किंवा पंप बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींना इतकं उघडं दाखवत नाहीत.

आता उतारा म्हणजे काय ते किलोत पाहू. टक्क्यांत बोललं की डोळ्यांवर झापड येते.

समजा एक टन ऊस गव्हाणीत पडला आणि त्यात १३० किलो साखर आहे. प्रयोगशाळेच्या भाषेत ‘पोल इन केन’ १३ टक्के. रस काढून झाल्यावर साधारण २८० किलो बगॅस उरतं. त्यात कितीही पिळलं तरी दोनेक टक्के साखर राहतेच, म्हणजे ५.६ किलो गेली. रस शुद्ध करताना ३५ किलोच्या आसपास प्रेसमड निघतो, त्यात ०.७ किलो. मग पाक उकळून दाणे पाडायचे. तीन वेळा उकळून झालं की जो काळा, चिकट द्रव राहतो आणि ज्यातून पुढे दाणे काढणं परवडत नाही, तो मोलॅसिस. तो निघतो ४३ किलोच्या घरात आणि त्यात साडेबारा किलो साखर अडकलेली असते. सर्वांत मोठी गळती हीच. राहिला एखादा किलो, ज्याचा हिशेब कुठेच लागत नाही. त्याला अज्ञात घट म्हणतात. बेरीज १९.८ किलो. पोत्यात गेली ११०.२ किलो. उतारा ११.०२ टक्के.

ही वजाबाकी नीट पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. वरचा आकडा, १३०, कारखान्याने बनवलेला नाही. तो रानात बनला: कोणती जात लावली, कधी लावली, पाणी किती मिळालं, थंडी कशी पडली, तोड कोणत्या वयात झाली, यावर. कारखान्याच्या हातात आहेत ते खालचे १९.८. उतारा हा आकडा या दोघांना एकात कालवून टाकतो. म्हणून कारखान्याची लायकी जोखायला तो फार वाईट आहे, आणि नेमका तोच सगळ्यांच्या तोंडी असतो.

दोन काल्पनिक कारखाने घेऊ. एक पंचगंगेकाठचा, एक गोदावरीकाठचा. पंचगंगेकडे उसात साखर १४ टक्के, उतारा ११.९०. गोदावरीकडे १२ आणि १०.१५. उताऱ्यावर पहिला पावणेदोन टक्क्यांनी पुढे. आता घट पाहा. पहिल्याची २.१०, दुसऱ्याची १.८५. म्हणजे दुसरा पुढे! पण थांबा. १४ मधून २.१० गेले म्हणजे पंधरा टक्के साखर वाया गेली, १२ मधून १.८५ गेले म्हणजे १५.४ टक्के. पुन्हा पहिला किंचित पुढे. तीन वेळा मोजलं आणि दोन वेळा क्रम उलटला. साखरवाले इथेच थांबत नाहीत, आणि माझ्या मते इथून पुढे त्यांची खरी कारागिरी सुरू होते.

उसात तंतू किती आहे यावर गिरणीला किती पिळता येईल ते ठरतं. तंतू जास्त म्हणजे बगॅस जास्त, आणि बगॅस जास्त म्हणजे त्यात राहणारी साखर जास्त. यात गिरणीच्या इंजिनिअरचा काय दोष? म्हणून नोएल डिअर या तंत्रज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र वापरून प्रत्येक गिरणीचा आकडा ‘उसात साडेबारा टक्केच तंतू असता तर’ या एका पायरीवर आणतात. पंचगंगेच्या गिरणीने उसातली ९६.० टक्के साखर रसात काढली, तंतू १३ टक्के होता. गोदावरीच्या गिरणीने ९५.७ काढली, तंतू साडेचौदा. सूत्रात घातल्यावर पहिलीचे होतात ९६.१८ आणि दुसरीचे ९६.३८. कागदावर मागे दिसणारी गिरणी प्रत्यक्षात सरस चालली होती. रसाच्या शुद्धतेचंही असंच. रसात साखरेशिवायची घाण जास्त असेल तर मोलॅसिस जास्त निघणारच. तिथे सगळ्यांना ८५ शुद्धतेच्या रसावर आणून मग तुलना होते, आणि त्यासाठी भारतात गुंडू राव यांच्या नावाचं सूत्र चालतं.

पुरस्कारही याच समजुतीने दिले जातात. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (१९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालेली) तांत्रिक कार्यक्षमतेचे पुरस्कार दक्षिण, मध्य आणि उत्तर-पूर्व असे विभाग पाडून देते. दिल्लीचा सहकारी साखर कारखान्यांचा राष्ट्रीय महासंघ उच्च उताऱ्याचा प्रदेश आणि इतर प्रदेश अशी फाळणी करतो. पारावरच्या तुलनेत ही फाळणी नसते.

मग आकडे एका पायरीवर आणून झाले, पुढे काय? इथून व्यवस्थापकीय नियंत्रण सुरू होतं आणि ते फार नीरस वाटतं. रोज सकाळी कार्यकारी संचालकांच्या टेबलावर आदल्या दिवसाचा गाळप अहवाल येतो. किती टन गाळलं. किती तास गिरणी बंद, आणि का: ऊस नाही, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस. बगॅसमधली साखर किती, ओलावा किती. मोलॅसिसची शुद्धता किती. उसाच्या मानाने वाफ किती खर्ची पडली. शेजारी दुसरा रकाना असतो हंगामापूर्वी ठरवलेल्या लक्ष्याचा, तिसरा गेल्या वर्षी याच दिवसाचा. चांगला अधिकारी पहिल्या रकान्यापेक्षा या तिघांतल्या फरकाकडे बघतो.

प्रत्येक आकड्याला एक धनी हवा. बगॅसमधल्या साखरेचा धनी चीफ इंजिनिअर, मोलॅसिसच्या शुद्धतेचा चीफ केमिस्ट, ताज्या आणि पक्व उसाचा शेती अधिकारी. लिहायला सोपं आहे. भांडणं होतात ती सीमेवर.

एक भांडण पाण्याचं. गिरणीत शेवटच्या रोलांआधी बगॅसवर गरम पाणी शिंपडतात, त्याने उरलीसुरली साखर धुऊन येते. पाणी वाढवलं की बगॅसमधली साखर कमी होते आणि इंजिनिअरचा रकाना सुधारतो. पण ते सगळं पाणी पुढे केमिस्टला वाफेने उडवावं लागतं. वाफेला बगॅस जळतं. बगॅस जास्त जळलं की सहवीजनिर्मितीतून महावितरणला विकायची वीज घटते, आणि तिसऱ्याच खात्याचं लक्ष्य चुकतं. प्रत्येकाने आपापला आकडा चोख ठेवला आणि कारखाना मात्र तोट्यात गेला, असं होऊ शकतं. म्हणून पाणी किती हा निर्णय कोणा एका खात्याचा नसावा. साखरेचा भाव आणि विजेचा दर समोर ठेवून तो वरच ठरला पाहिजे.

दुसरं भांडण जुनं आणि कडू आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला पाहिजे, हे सगळ्यांना पाठ असतं. उन्हात पडून राहिला की उसातलं विकर साखरेचं विघटन करतं, जिवाणू लागले की रस चिकट होतो आणि दाणे नीट पडत नाहीत. शेवटी मोलॅसिसची शुद्धता वाढते, म्हणजे साखर तिथे वाहून जाते. रकाना केमिस्टचा बिघडतो, पाप वाहतुकीचं असतं. शेती खातं म्हणतं, गव्हाणीपुढे दोन दिवस ट्रॅक्टर उभे होते कारण तुमची गिरणी बंद होती. इंजिनिअर म्हणतो, बंद होती कारण त्याआधी ‘नो केन’ झालं आणि थंड पडलेली गिरणी पुन्हा चालवताना मोडली. हे सोडवायचा उपाय एकच: खात्यांच्या सीमेवर मोजमाप बसवायचं. पहिल्या रोलातून निघालेल्या रसाची शुद्धता वेगळी नोंदवली आणि मिश्र रसाची वेगळी, तर ऊस शिळा आला की गिरणीत शिळा झाला, याचा वाद बराच मिटतो.

त्या एका किलोच्या अज्ञात घटीबद्दल थोडं सांगायला हवं. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण माझ्या लेखी सगळ्या अहवालातला सर्वांत बोलका आकडा तोच. बाकी घटी मोजलेल्या असतात. ही उरलेली असते, म्हणून बाकी सगळ्या मोजण्यांच्या चुका तिच्यात येऊन साचतात. ती अचानक वाढली तर कुठेतरी पाक सांडतोय किंवा पाइप गळतोय. ती शून्याखाली गेली तर आणखी गंभीर. उसात जितकी साखर आली त्याहून जास्त बाहेर कशी पडेल? मग एक तर प्रयोगशाळेचं चुकतंय, नाहीतर वजनकाटा ऊस कमी दाखवतोय. गावाकडे ज्याला काटामारी म्हणतात ती केवळ काट्यावर पकडायची गोष्ट नाही. ऊस कागदावर कमी दाखवला की प्रत्येक टनामागचा उतारा आपोआप फुगतो आणि साखरेचा ताळेबंद जुळत नाही. जुळवायचा तर आणखी दोन-चार आकडे बिघडवावे लागतात, आणि तेवढ्या सगळ्यांनी मिळून खोटं लिहिणं कठीण असतं.

आता पैसा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त, खाली तितकेच कमी, आणि साडेनऊच्या खाली कितीही घसरला तरी ३२९.०५ रुपयांपेक्षा कमी नाही. आपल्या गोदावरीच्या काल्पनिक कारखान्याला १०.१५ वर टनाला सुमारे ३,५१५ रुपये द्यावे लागतील, पंचगंगेच्या ११.९० वर ४,१२१. दोन्हीकडे तोडणी-वाहतूक वजा होईल. टनामागे सहाशे रुपयांचं अंतर, आणि त्याचा बहुतेक भाग रानातल्या त्या दोन टक्के साखरेचा.

आणि कारखान्याने आपली घट कमी केली तर? पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याने ०.१ टक्का वाचवला म्हणजे ५०० टन साखर जास्त. किलोला ३८ रुपये धरले तर १ कोटी ९० लाख रुपये. त्याच ०.१ टक्क्यासाठी एफआरपीत वाढून द्यायचे टनाला ३४.६० रुपये, म्हणजे १ कोटी ७३ लाख. कारखान्याच्या हातात उरले सतरा लाख, यंत्रसामग्रीचा खर्च वेगळाच. भाव फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरलेल्या ३१ रुपयांच्या किमान दरावर आला तर साखरेचे मिळतात १ कोटी ५५ लाख, म्हणजे उलटे खिशातून अठरा लाख जातात. बेंचमार्क कितीही सुंदर असो, तो गाठून फायदा कुणाला होतो हे पाहिलं नाही तर लक्ष्य भिंतीवरच राहतं. इथे फायदा जवळजवळ सगळा शेतकऱ्याचा आहे. मग आरटी-८ सी वाचायचं कामही त्यानेच शिकायला हवं. सहकारी कारखान्यात सभासदाला वार्षिक अहवालात हे आकडे मिळतात. सर्वसाधारण सभेत लोक जेवणाच्या पंगतीची आणि साखरकार्डाची चौकशी जास्त करतात, हे खरं. पण बगॅसमधली साखर गेल्या वर्षीपेक्षा का वाढली, हा एक प्रश्न विचारून बघावा.

इथवर सगळं नियंत्रणाचं झालं. धोरण त्याच्याही वरचं आहे, आणि मराठवाड्यात ते पाण्यापासून सुरू होतं. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. धरण भरलं तर ऊस, नाही तर नाही. राज्याचं साखर उत्पादन २०१६-१७ मध्ये ४२ लाख टनांवर आलं होतं आणि पुढच्याच हंगामात १०७ लाख टनांवर गेलं. अशा झोक्यावर बसून मोठी गिरणी घालायची की छोटी? मोठी घातली तर दुष्काळात ती अर्ध्या हंगामात बंद पडते आणि टनामागचा खर्च वाढतो. छोटी घातली तर भरल्या वर्षी मे उजाडला तरी ऊस रानात उभा असतो, उन्हात वजन आणि साखर दोन्ही जातात, आणि शेतकरी दुसऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याला, हाक मारतो. या प्रश्नाचं उत्तर कोल्हापूरच्या आकड्यांत सापडणार नाही. नक्कल करायचीच तर ती आपल्यासारख्या पाण्यावर जगणाऱ्याची करावी.

जातीचंही तसंच. को ८६०३२ साखरेला चांगली. पाडेगावच्या संशोधन केंद्राची फुले २६५ चोपण जमिनीतही तग धरते आणि टनेज भरघोस देते, पण पिकायला उशीर लावते. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात, म्हणून त्याला २६५ हवी. कारखान्याला हंगामाच्या आरंभी साखर हवी, म्हणून तो २६५ ची नोंद मागे ढकलतो. दोघंही आपापल्या जागी शहाणे आहेत.

त्यात इथेनॉल आलं, आणि तुलनेचा जुना गजच वाकला. पूर्वी पाक तीनदा उकळून शेवटचा थेंब साखरेत आणायचा, हाच धर्म होता. आता दोनदा उकळून साखर राखलेला बी-हेवी मोलॅसिस मुद्दाम आसवनीकडे पाठवतात. २०२२-२३ मध्ये त्यापासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६०.७३ रुपये होते, थेट रसापासूनच्याला ६५.६१ आणि नेहमीच्या सी-हेवीपासूनच्याला ४९.४१. अशा कारखान्याचा पोत्यातला उतारा सव्वा-दीड टक्क्याने खाली दिसतो, पण ती घट नसते, ठरवून वळवलेली साखर असते. ती परत मिळवून धरल्याशिवाय ना तुलना होते ना एफआरपी, म्हणून आपल्या राज्यात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा दाखला घेऊन तेवढा उतारा मिळवला जातो. शेतकऱ्याने पावतीवरचा उतारा बघताना तो इथेनॉलपूर्वीचा की नंतरचा, हे विचारावं.

धोरण कागदावर किती टिकाऊ असतं याचा धडा ७ डिसेंबर २०२३ ला मिळाला. पाऊस कमी, साखर टंचाईची भीती, म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेपर्यंत मुभा दिली आणि पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये बंधन उठवलं. दरम्यान ज्यांनी कर्ज काढून रसावरच्या आसवन्या उभ्या केल्या होत्या, त्यांचं हंगामाचं सगळं अंदाजपत्रक एका दिवसात रद्दी झालं. सकाळच्या अहवालात एकही आकडा लाल नव्हता. चुकलं होतं ते अहवालात नसलेलं गृहीतक: सरकारचं धोरण बदलणार नाही. म्हणून शहाणे व्यवस्थापक अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर आपण काय गृहीत धरलंय ते लिहितात आणि दर महिन्याला ते पान आधी वाचतात.

पारावरच्या माणसाची एक तक्रार मात्र या सगळ्यातून सुटत नाही. एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर मिळते. ज्याने वेळेवर लावण केली, पाला काढून, वाढे छाटून, जमिनीलगत तोडून स्वच्छ ऊस दिला, त्यालाही तोच दर, आणि ज्याच्या ट्रॉलीत माती-पाचट आलं त्यालाही तोच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये शंभरएक वर्षं प्रत्येक शेतकऱ्याच्या उसातली साखर वेगळी तपासून पैसे दिले जातात. आणि हंगामाच्या सुरुवातीला तोड आली म्हणून कुणाचं नुकसान होऊ नये, यासाठी त्याची साखर त्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून धरतात. तिथे ऊस यंत्राने तोडला जातो आणि एका शेतकऱ्याचा ऊस एकामागून एक डब्यांतून सलग गिरणीत येतो. आपल्याकडे एकराच्या तुकड्यातून, बैलगाडीतून दोन टन, ट्रॅक्टरमधून वीस, आणि गव्हाणीत पडताना तीन गावांचा ऊस एकत्र. प्रत्येक गाडीचा नमुना काढणारी यंत्रं आहेत, पण रोज येणाऱ्या शेकडो वाहनांना थांबवून तपासायचं तर फाटकावरची रांग आणखी लांबते आणि रांगेतला ऊस आणखी शिळा होतो. तोवर निदान शेती खात्याने हातातल्या ब्रिक्समीटरने रानात जाऊन नमुना घ्यावा, पक्वतेच्या क्रमानेच तोडणीचा कार्यक्रम लावावा, आणि तो क्रम गावच्या चावडीवर लावावा, म्हणजे ओळखीवर आलेली टोळी कोणती आणि पाळीने आलेली कोणती, ते सगळ्यांना दिसेल.